पदोन्नतीनंतर कारखान्याच्या शॉपवरचे हसणे थांबले. ते परत कसे आणावे?

प्रश्न : उद्यमबागेतील एक उत्पादन व्यवस्थापक

नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी गेली १९ वर्षे काम करतो. मोल्डिंगचा (वाळूचे साचे करण्याच्या कामाचा) हेल्पर म्हणून लागलो, पुढे सुपरवायझर झालो आणि गेल्या दसऱ्यानंतर उत्पादनाची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली. तिन्ही पाळ्या मिळून आमच्याकडे १४० च्या आसपास माणसे आहेत. खानापूर आणि चंदगड तालुक्यांतून रोज येणारी मराठी मंडळी, बैलहोंगल आणि सवदत्तीकडची कन्नड बोलणारी माणसे, शहरातले काही उर्दू बोलणारे कारागीर आणि अलीकडे भट्टीवर व फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामाला) आलेली बिहार-ओडिशाची मुले, असा आमचा गोतावळा आहे.

माझी अडचण अशी, की ज्या माणसांत बसून मी १८ वर्षे डबा खाल्ला आणि ज्यांच्या थट्टेत मी हक्काने सामील होत असे, तीच माणसे आता मी शॉपमध्ये पाऊल टाकले की गप्प होतात. दारापर्यंत हसण्याचा आवाज ऐकू येतो आणि आत गेल्यावर फक्त मशीनचा. सुरुवातीला मी याकडे दुर्लक्ष केले, कारण अधिकारी झाल्यावर थोडे अंतर येणारच, अशी माझी समजूत होती. परंतु गेल्या महिन्यात पंपाच्या हाउसिंगचा एक पूर्ण लॉट ब्लो होलमुळे, म्हणजे वायूने धातूत पडणाऱ्या छिद्रांमुळे, बाद झाला. शोध घेतला तेव्हा वाळूतील ओलावा, जो आम्ही ३ ते ४ टक्क्यांत ठेवतो, तो ५ च्या पुढे गेलेला आढळला. आमच्या सर्वांत जुन्या मोल्डरला वाळूची मूठ दाबताच सकाळीच हे कळले होते. त्यांना मी मामा म्हणतो. मला साचा ठोकायला त्यांनीच शिकवले. का सांगितले नाही असे विचारल्यावर ते एवढेच म्हणाले, “सांगितलं असतं, खरं तुमच्याकडं बघून बोलायचं धाडस झालं नाही.” तुमच्याकडं हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. तोपर्यंत ते मला तू म्हणत असत. बाद झालेल्या मालापेक्षा हे वाक्य मला अधिक लागले.

मालकांच्या चिरंजिवांनी पुण्यात एका प्रशिक्षणात ऐकून आल्यावर दर शनिवारी शेवटचा अर्धा तास हास्याचा कार्यक्रम ठेवायला सांगितला आहे. त्यांचा हेतू मनापासून चांगला आहे. एकाने विनोद सांगायचा, इतरांनी टाळ्या वाजवायच्या आणि मग फुगे फोडण्यासारखा एखादा खेळ, असे त्याचे स्वरूप आहे. खानापूरची माणसे तेवढा वेळ बस चुकेल म्हणून घड्याळाकडे पाहत बसतात. कोणी हसत नाही.

शिस्त न मोडता कामाच्या ठिकाणी मोकळेपणा आणि हसणे परत कसे आणावे? त्याची सुरुवात मी स्वतः करावी की वाट पाहावी? आणि पाच भाषांच्या या मंडळींत थट्टेची मर्यादा कोणी ठरवायची?

उत्तर : निवृत्त फौंड्री सुपरवायझर, मच्छे

आपला प्रश्न वाचून मला माझे १९९० च्या सुमाराचे दिवस आठवले. मीही तुमच्यासारखाच खालून वर गेलेला माणूस आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

पहिली गोष्ट, मामांनी तुम्हांला अहो-जाहो का सुरू केले याचा विचार करा. माझ्या बाबतीत असे झाले तेव्हा बरेच दिवस मला वाटत होते, की शॉपवरच्या माणसांना माझ्या पदाचा आदर वाटतो. खरे कारण वेगळे होते. बढती मिळाल्यावर मी डबा केबिनमध्ये खाऊ लागलो होतो. ऑफिसातून फोन येत, म्हणून तसे करावे लागे. परंतु शॉपवर त्याचा अर्थ इतकाच झाला, की हा आता आपल्यात बसत नाही. आमच्याकडे दुपारच्या चहाबरोबर चिरमुरे असत. कागदावर चिरमुरे, फरसाण आणि चिरलेला कांदा पसरायचा आणि सगळ्यांनी भोवती उभे राहून मुठी भरायच्या. दिवसभरातले सगळे हसणे त्या दहा मिनिटांत होत असे आणि दिवसभरातल्या सगळ्या खऱ्या बातम्याही तिथेच कळत: कोणता पॅटर्न झिजला आहे, कोणाचा मुलगा आजारी आहे, कोणत्या हीटला (भट्टीच्या खेपेला) लोखंड थंड पडले होते. केबिनमध्ये बसून मी चिरमुऱ्यांबरोबर त्या बातम्यांनाही मुकलो होतो.

तेव्हा शनिवारचा कार्यक्रम राहू द्या किंवा बंद करा, तो फार महत्त्वाचा नाही. आधी डबा घेऊन शॉपवर जा. पहिले आठ-दहा दिवस कोणी बोलणार नाही. त्या काळात तुम्ही विनोद सांगू नका. अधिकाऱ्याच्या विनोदावर माणसे हसतात, कारण त्यांना हसावे लागते, आणि त्या हसण्यावरून आपल्याला काहीच कळत नाही. कोणीतरी तुमची थट्टा करेपर्यंत थांबा आणि ती झाली की मनापासून हसा.

शिस्तीबद्दल मात्र मी कठोर आहे. भट्टीजवळ, लॅडल (वितळलेल्या धातूचे भांडे) हलवताना आणि ओतकाम चालू असताना थट्टा अजिबात चालू देऊ नका. वितळलेल्या लोखंडाखाली थोडे जरी पाणी सापडले तरी त्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून अंगावर येतो. ओल्या स्क्रॅपमुळे असे घडलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. मागून येऊन दचकवणे किंवा पाणी उडवणे यासारख्या खेळांना तिथे जागा नाही. ही मर्यादा आमच्याकडे इतकी स्पष्ट होती, की भट्टीभोवतीच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नसे, आणि पट्ट्याबाहेर आल्यावर माणसे अधिकच मोकळी होत.

उत्तर : पतसंस्थेची शाखाधिकारी, निपाणी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. भाषेबद्दल मात्र मला वेगळे काही सांगायचे आहे, कारण आपल्या भागात थट्टा सर्वांत आधी भाषेवर जाते आणि सर्वांत खोल जखमही तिथेच होते.

या संस्थेत येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी लिपिक होते. आमच्या भागातील बायका बोलताना “मी येतो”, “मी जातो” असेच म्हणतात, हे तुम्हां सर्वांना माहीत आहे. आमच्या आया, आज्या अशाच बोलल्या. तिथे बाहेरगावाहून आलेल्या एका अधिकाऱ्यांना ते फार गमतीचे वाटले. सभेत मी काही सांगायला उभी राहिले, की ते माझे वाक्य पुन्हा उच्चारून दाखवत आणि सगळे हसत. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, असे मी आजही म्हणेन. वातावरण हलके करतो आहोत अशीच त्यांची समजूत होती. परिणाम असा झाला, की मी सभेत बोलणे सोडले, नंतर ग्राहकांना फोन करणे सोडले आणि थकीत कर्जांच्या वसुलीचे माझे काम मागे पडले. माझ्या कामाच्या अहवालात “संवादकौशल्य कमी” अशी नोंद झाली. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

आज माझ्या शाखेत मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी नऊ माणसे आहेत. आम्ही एकच नियम पाळतो, तो असा की आपण चुकीची कन्नड बोललो तर त्यावर आपण हसायचे, समोरच्याच्या मराठीवर नाही. मी स्वतः कन्नड शिकते आहे. ठेवीदार आजींशी मोडकीतोडकी कन्नड बोलताना माझे काहीतरी चुकतेच; मग आमचे कन्नड बोलणारे रोखपाल अण्णा मला दुरुस्त करतात आणि काउंटरच्या दोन्ही बाजू हसतात. ज्याच्या हाती अधिकार आहे तो दुसऱ्याच्या भाषेत शिकाऊ झाला, तर त्या हसण्यात कोणी लहान होत नाही. सीमाभागातला भाषेचा प्रश्न सत्तर वर्षे जुना आहे आणि प्रत्येकाच्या घरात त्याची काही ना काही आठवण आहे. म्हणून सीमावाद, फलक आणि गावाचे नाव बेळगाव की बेळगावी, हे विषय आम्ही थट्टेत आणत नाही. त्यांवर बोलायचे असेल तेव्हा गंभीरपणे बोलतो.

आपल्या बिहार-ओडिशाच्या मुलांचा यात आवर्जून विचार करावा. ती घरापासून दूर, एका खोलीत पाच-सहा जण राहतात आणि तुमच्या शॉपवरची अर्धी थट्टा त्यांना कळतही नाही. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत लोक हसत असतील, तर ते आपल्यालाच हसत आहेत असे माणसाला वाटते.

उत्तर : समाजशास्त्राचा प्राध्यापक, बेळगाव

पहिल्या उत्तरातील चिरमुऱ्यांच्या वर्णनाने मला एक प्रसिद्ध अभ्यास आठवला. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय यांनी एका कारखान्यात प्रेसवर कामगार म्हणून काम केले आणि त्या अनुभवावरचा लेख १९५९ च्या सुमारास प्रसिद्ध केला. काम अत्यंत कंटाळवाणे आणि दिवस बारा तासांचा होता. सुरुवातीला त्यांना वाटले, की आपण येथे टिकणार नाही. मग त्यांच्या लक्षात आले, की त्या लहानशा गटाने दिवसाचे तुकडे पाडलेले आहेत. एक कामगार रोज डब्यात केळे आणी. दुसरा रोज ते चोरून, केळ्याची वेळ झाली असे ओरडून खाई. ज्याचे केळे जाई तो रोज रागावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळे घेऊन येई. त्याने स्वतःचे केळे कधीच खाल्ले नाही. बाहेरच्याला ही पोरकट गोष्ट वाटेल. पण अशा वेळांच्या आधारावर ती माणसे दिवस काढत होती.

त्या लेखाचा दुसरा भाग तुमच्या प्रश्नाला अधिक लागू पडतो. गटातल्या ज्येष्ठ कामगाराच्या मुलीचे लग्न एका प्राध्यापकाच्या मुलाशी झाले होते आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. एके दिवशी, ते प्राध्यापक तर न्हाव्यांच्या शाळेत शिकवतात, अशी थट्टा झाली. ज्येष्ठ कामगार दुखावला, त्याने बोलणे बंद केले आणि गटातले सगळे खेळ कित्येक दिवस थांबले. त्या दिवसांत आपला थकवा परत आला, असे रॉय यांनी नोंदवले आहे. केळे चोरलेले चालत होते, पण मुलीच्या सासरची प्रतिष्ठा चोरलेली चालली नाही. माणसाला ज्या गोष्टीचा अभिमान आहे तिला हात लावायचा नाही, हे त्या गटात कोणी लिहून ठेवले नव्हते. मोडल्यावरच ते सर्वांना कळले.

आपल्या समाजाला ही समज मुळातच आहे. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजा-नातू ही आपल्याकडे थट्टेची नाती. सून आणि सासरा हे मर्यादेचे नाते. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये अशाच नात्यांवर लिहिले आणि त्यांत चिडवण्याची मुभा असते, तसे ती मनाला लावून न घेण्याचे बंधनही असते, असे दाखवले. तुम्ही सुपरवायझर होतात तेव्हा मामांशी तुमचे नाते पहिल्या प्रकारचे होते. बढती मिळाल्यावर, तुमच्यापैकी कोणीही तसे न ठरवता, ते सून-सासऱ्याचे झाले. ते बदलण्यासाठी त्यांना तुमच्याकडून स्पष्ट मुभा मिळावी लागेल, कारण खालच्या पदावरचा माणूस ती स्वतः घेऊ शकत नाही. सर्वांसमोर त्यांना म्हणा, की मामा, मला पूर्वीसारखे तूच म्हणा.

हसण्यावर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी बाजारात, रस्त्यांवर सुमारे १२०० प्रसंगी लोक कशावर हसतात ते नोंदवले. त्यांपैकी विनोद म्हणता येईल असे बोलणे केवळ १० ते २० टक्के प्रसंगी होते. बाकीचे हसणे “बरं, भेटू पुन्हा” यासारख्या साध्या वाक्यांनंतरचे होते. एकत्र असण्याच्या आनंदातून हसणे येते. शनिवारच्या कार्यक्रमात विनोद आहेत, पण बस चुकण्याच्या धास्तीने तिथे कोणी मनाने एकत्र नसते.

उत्तर : परिचारिका, खासगी रुग्णालय, टिळकवाडी

मी थोडक्यात लिहिते, कारण आज माझी रात्रपाळी आहे.

आपल्या मामांनी ओल्या वाळूबद्दल सांगितले नाही, ही गोष्ट आमच्या क्षेत्रात चांगलीच परिचयाची आहे. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा अधिक चांगल्या गटांत चुकांच्या नोंदी कमी न दिसता जास्त दिसल्या. ती माणसे जास्त चुकत नव्हती. चूक झाली की ती सांगत होती. जिथे प्रमुखाची भीती होती, तिथे चुका वहीत येतच नव्हत्या. म्हणून कोणी येऊन वाईट बातमी सांगितली, तर त्या क्षणी तुमचा चेहरा कसा होतो याकडे लक्ष द्या. आमच्या प्रमुख सिस्टर अशा वेळी आधी “बरं झालं सांगितलंस” म्हणतात आणि मगच पुढचे विचारतात. त्यांच्या हाताखाली मी आठ वर्षे आहे आणि या तीन शब्दांमुळे मी किती वेळा त्यांच्या दारापर्यंत गेले आहे, हे माझे मला माहीत.

प्रश्नकर्त्याचे पुन्हा लेखन, साधारण तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. काय केले आणि काय घडले ते लिहितो.

मी डबा शॉपवर नेऊ लागलो. पहिले सहा दिवस, वर लिहिल्याप्रमाणे, कोणी बोलले नाही आणि ते दिवस मला फार जड गेले. सातव्या दिवशी माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी जास्त होती, ती मी मधे ठेवली. कोअर शॉपमधल्या एकाने ती चाखून विचारले, की वहिनींनी यात मीठ घातले की साहेबांनी पगारातून कापले? क्षणभर सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला खरोखर हसू आले आणि मी हसलो. मग सगळेच हसले, मामाही हसले. त्याच वेळी मी त्यांना म्हटले, की मामा, तुम्ही मला अहो म्हणता ते मला सहन होत नाही. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी सकाळी नऊच्या सुमारास ते केबिनच्या दारात आले आणि म्हणाले, “ये बघ, वाळू आज जरा कोरडी लागत्या.” मी मिक्सरपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो.

ओडिशाच्या मुलांना मी त्यांच्या भाषेतले आकडे विचारून घेतले. मोजदाद करताना एक ते दहापर्यंत आता आमचे दोन मोल्डर ओडियात म्हणतात आणि ती मुले त्यांना दुरुस्त करतात.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. फेटलिंगच्या शेजारी तपासणी विभागात पाच महिला काम करतात. थट्टा वाढू लागली तशी एकाने त्यांच्यापैकी एकीच्या कपड्यांवरून काही म्हटले आणि इतर हसले. मी तिथेच ते थांबवले. परंतु मोकळेपणा मीच आणला आणि त्यातून हे आले, याची मला बोचणी आहे. दुसरी गोष्ट रात्रपाळीची. त्या माणसांना मी महिन्यातून जेमतेम दोनदा भेटतो.

उत्तर : वकील, कामगारविषयक प्रकरणे, बेळगाव

तुम्ही तिथेच थांबवले हे योग्य केले. परंतु एवढ्यावर सोडू नका. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लैंगिक रोखाचे शेरेही येतात आणि ते थट्टेत केले होते, हा बचाव ठरत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि तिच्या अध्यक्षस्थानी तिथलीच वरिष्ठ महिला कर्मचारी असावी लागते. तुमच्याकडे समिती आहे का, आणि त्या पाच जणींना ती माहीत आहे का, हे उद्याच पाहा. ज्या महिलेबद्दल शेरा मारला गेला, तिच्याशी तुम्ही स्वतः बोला. तक्रार करायची की नाही हे तिला ठरवू द्या आणि तक्रारीसाठी सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची मुदत असते, हेही तिला सांगा.

जातीवरून ठेवलेल्या टोपणनावांनाही हाच न्याय लावा. आपल्या शॉपमध्ये अशी नावे वर्षानुवर्षे चालत आलेली असतात आणि ज्याला ती चिकटली आहेत तो हसून ओ देतो, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीत. काही नावे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही ठरू शकतात. बोचणी लावून घेऊ नका. आधीही ते शेरे होतेच, फक्त तुम्ही आत आल्यावर ते थांबत होते. आता ते तुमच्या कानांवर पडू लागले आहेत.

उत्तर : निवृत्त फौंड्री सुपरवायझर, मच्छे

मामा दारात आले हे वाचून मला फार आनंद झाला.

रात्रपाळीसाठी मी जे करत असे ते सांगतो. पाळी बदलण्याची वेळ पंधरा मिनिटांनी एकमेकींवर चढवा, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसे तेवढा वेळ एकत्र उभी राहतील. त्या पंधरा मिनिटांचा पगार द्यावा लागेल आणि मालक आधी नाही म्हणतील. तेव्हा त्यांना बाद झालेल्या त्या लॉटचा हिशेब दाखवा आणि शनिवारचा अर्धा तास त्यात वळता करायला सांगा. त्यात चिरंजिवांनाही बोलवा, पण सूत्रसंचालक म्हणून नाही. त्यांना मुठीने चिरमुरे खाऊ द्या. आठवड्यातून एक रात्र तुम्ही स्वतः पहाटेच्या चहापर्यंत थांबा. पहाटे चारच्या सुमाराला माणूस सर्वांत थकलेला असतो आणि त्या वेळी सोबत कोण उभे होते, हे त्याच्या लक्षात राहते.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाल्यावर कुंदा वाटता ना? या वर्षी तो रात्रपाळीच्या सर्वांत धाकट्या मुलाच्या हातून वाटा.